कंपनीतल्या मोठ्या साहेबांविरुद्ध तक्रार केली तर नवख्या मुलीचं कोण ऐकणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय चोवीस, नोकरीला चौदा महिने झालेत. विभागाचे प्रमुख रात्री अकरानंतर मेसेज करतात, रिव्ह्यूच्या नावाखाली सगळे गेल्यावर केबिनमध्ये थांबवून घेतात आणि पंधरा दिवसांपूर्वी पार्टीहून परतताना त्यांनी गाडीत हात धरला. लैंगिक छळाच्या तक्रारी तपासणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीतल्या दोघी त्यांच्याच हाताखाली काम करतात. तक्रार करून उपयोग होईल, की तुमचीच नोकरी जाईल?

मी पुणे आणि चाकण भागातल्या काही कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. त्याआधी बरीच वर्षं एचआरमध्ये होते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. उपयोग होतो, हे मी मनापासून सांगते. पण तक्रार कधी दिली, तिच्यात काय लिहिलं आणि तिच्याबरोबर आणखी काय मागितलं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. हे मागण्याचं मुलींना कुणी सांगतच नाही, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

त्याआधी, ज्या एका प्रश्नाची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटत असेल त्याबद्दल. "तेव्हाच का नाही बोललीस?" हा प्रश्न मी समितीच्या खोलीत इतक्यांदा ऐकलाय की आता कुणी तोंड उघडलं की तोच येणार हे कळतं. मी उलट विचारते, या मुलीचं कन्फर्मेशन कुणाच्या सहीने झालं? अप्रेझल कोण लिहितं, रजा कोण मंजूर करतं, उद्या दुसरीकडे नोकरी मागायला गेली तर फोन कुणाला येणार? चारही उत्तरांत एकच नाव असेल, तर त्या माणसाला वेगळी धमकी द्यावीच लागत नाही. मुलगी हसून विषय टाळते, मेसेजला 'ओके सर' म्हणून उत्तर देते, आणि पुढे तेच 'ओके सर' तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून समोर ठेवलं जातं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये हे नीट ओळखलेलं आहे. नोकरीत झुकतं माप देण्याचं उघड किंवा आडून दिलेलं आश्वासन, नोकरीवर परिणाम होईल अशी सूचक धमकी, भीतीचं वातावरण, या सगळ्याची तिथे दखल घेतली आहे. तेव्हा तुम्ही आजवर गप्प राहिलात यात तुमची चूक नाही. तुमच्या तक्रारीत हे गप्प राहणंही लिहा, आणि कशाच्या भीतीने राहिलात तेही लिहा.

एक जुना खटला माझ्या कायम लक्षात राहतो. १९८८ साली दिल्लीत, तयार कपड्यांच्या निर्यातीला प्रोत्साहन देणाऱ्या परिषदेत, अध्यक्षांच्या खासगी सचिवाने एका क्लर्क-टायपिस्ट मुलीला डिक्टेशन घ्यायला ताज पॅलेस हॉटेलात नेलं. डिक्टेशन घेण्याचं तिचं शिक्षणही नव्हतं, पण साहेबाने चल म्हटल्यावर ती गेली. तिथल्या बिझनेस सेंटरमध्ये तो अंगचटीला येऊ लागला, ती विरोध करत राहिली. लिफ्टमध्ये पुन्हा तोच प्रकार सुरू झाला तेव्हा तिने इमर्जन्सी बटण दाबून दार उघडवलं आणि सुटली. परिषदेने चौकशी करून त्याला काढून टाकलं. मग उच्च न्यायालयाने म्हटलं की त्याने नुसता प्रयत्न केला, प्रत्यक्ष स्पर्श सिद्ध झालेला नाही, त्याला परत घ्या. शेवटी १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. स्पर्श झाला की नाही एवढ्यावर अडून न बसता वरिष्ठाचं एकूण वागणं बघायचं, हे तिथे ठरलं. ते लिफ्टचं बटण मला फार मोठं वाटतं. त्या मुलीकडे तेवढंच होतं, आणि तिने ते वापरलं.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू.

सगळ्यात आधी मुदत. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. तेव्हा अडचण होती हे पटलं तर समिती कारणं लिहून आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे नाही. हे कागदी वाटतं, पण इथेच भल्याभल्यांच्या तक्रारी अडकतात. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध २०२३ च्या डिसेंबरमध्ये तक्रार दिली. शेवटची घटना त्याच वर्षी एप्रिलमधली धरली गेली, म्हणजे सहा महिने उलटून गेलेले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तक्रार मुदतीबाहेर आहे हेच मान्य केलं. आरोप खरे की खोटे, हे तपासलंच गेलं नाही. फक्त तो निकाल कुलगुरूंच्या बायोडेटात नोंदवायला लावला. कायदा शिकवणाऱ्या संस्थेत हे होऊ शकतं, तर तुम्ही 'जरा अप्रेझल होऊन जाऊ दे' म्हणत थांबू नका. तुमच्या हातात आज अडीच महिने आहेत.

दुसरं, लिहून ठेवणं. ओळख पटेल असं काही मी सांगणार नाही, तसं सांगायला कायद्याचीही मनाई आहे. पण एक वही डोळ्यांसमोरून जात नाही. शंभरपानी, शाळेतल्यासारखी. पुढून डब्याचा हिशेब, मेसच्या खाड्यांच्या खुणा. मागच्या बाजूने उलटं धरून लिहिलेल्या तारखा: अमुक दिवशी पावणेआठला बोलावलं, दार लावून घेतलं, हे म्हणाले, खाली आले तेव्हा सिक्युरिटीच्या काकांनी विचारलं 'बरं वाटत नाही का'. त्या काकांना आम्ही बोलावलं. त्यांना मुलीचं नावही माहीत नव्हतं, पण ती संध्याकाळ आठवत होती, कारण ती बस चुकल्यावर पायरीवर बसून राहिली होती. साहेबांकडे वकिलाने लिहून दिल्यासारखं चौदा पानी उत्तर होतं. त्या उलट्या पानांपुढे ते टिकलं नाही.

तुम्हीही आज रात्री बसून आठवेल तसं लिहा. तारीख पक्की नसेल तर 'गणपतीच्या आदल्या आठवड्यात' असं लिहा, खोटी तारीख टाकू नका. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या मेलवर ठेवा. कंपनीची कागदपत्रं किंवा क्लायंटच्या फायली मात्र बाहेर पाठवू नका. मूळ तक्रार बाजूला पडून डेटा चोरल्याची चौकशी मुलीच्याच मागे लागली, हेही मी पाहिलं आहे.

आता मागायच्या गोष्टी. तक्रारीसोबत अंतरिम दिलासा, म्हणजे चौकशी संपेपर्यंतचं संरक्षण, मागता येतो, कलम १२ खाली. तुमची किंवा त्यांची बदली, किंवा तुमच्या हक्काच्या रजेशिवाय तीन महिन्यांपर्यंत रजा. पण माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट याच कायद्याखालच्या नियम ८ मध्ये आहे: चौकशी चालू असेपर्यंत त्या वरिष्ठाने तुमच्या कामाचा अहवाल लिहायचा नाही, ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायचं. तुमच्या नोकरीची दोरी त्यांच्या हातातून काढून घेण्याचा हा सरळ मार्ग आहे. आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही, कारण समितीने शिफारस करावी यासाठी तुमचा लेखी अर्ज लागतो. मी एचआरमध्ये असताना हा नियम एकाही मुलीला माहीत नव्हता. आम्ही तो सांगितलाही नाही, हे मला आजही खातं.

समितीतल्या त्या दोघींबद्दल. तक्रारीतच लिहा की अमुक सदस्य प्रतिवादींना, म्हणजे या साहेबांना, रिपोर्ट करतात, म्हणून त्यांनी या चौकशीत बसू नये. बाहेरच्या सदस्याला प्रत द्या. समितीत बाहेरचा माणूस असावा ही अट याचसाठी आहे, वरचा दबाव आतल्यांवर पडतो म्हणून. आरोप खुद्द मालकावर असता, किंवा कंपनीत दहापेक्षा कमी माणसं असती, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्याबद्दल विचारता येतं.

'समेट करून टाका' असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, समेट फक्त तुम्ही स्वतः मागितला तरच होतो आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. 'सिद्ध झालं नाही तर खोट्या तक्रारीची कारवाई होईल' अशी भीती घातली तर कलम १४ दाखवा: पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलं आहे.

आणखी एक, कदाचित तुम्हाला आवडणार नाही असं. साहेबांनाही पूर्ण संधी मिळू द्या. कागदपत्रं, उत्तराला वेळ, त्यांचे साक्षीदार, सगळं. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने शेवटी इतकी घाई केली की २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून चौकशी पुन्हा मागे पाठवली. घटना २००९ च्या आसपासच्या. तक्रार करणाऱ्या मुलींच्या वाट्याला काय आलं, याचा विचार केला की पोटात कालवतं. समिती नीट चालली तर निकाल टिकतो, आणि तो टिकणं तुमच्याच फायद्याचं आहे.

सगळं सुरळीत होईल असं वचन मी देणार नाही. तक्रार सिद्ध होऊनही वर्षभरात कंपनी सोडून गेलेल्या मुली मला माहीत आहेत. कॅन्टीनमध्ये आपल्या टेबलावर कुणी येत नाही, हे सोसणं सोपं नसतं. म्हणून घरातल्या किंवा बाहेरच्या एका तरी माणसाला आत्ताच सांगून ठेवा.

मी तुमच्या वयाची असताना एका ऑफिसात मलाही असंच सोसावं लागलं होतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ मध्येच आला होता, पण आमच्या मजल्यावर ते नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. मी राजीनामा दिला. टाइप केलेल्या दोन ओळी होत्या, 'वैयक्तिक कारणास्तव'. ती प्रत अजून माझ्या फायलीत आहे. माझ्या जागी दुसरी मुलगी आली आणि तिलाही त्याच केबिनमध्ये बसावं लागलं.

तेव्हा सध्या राजीनाम्याला हात लावू नका. द्यावाच लागला, तर मुदतीत असेपर्यंत राजीनाम्यानंतरही तक्रार करता येते. फक्त त्या कागदावर कारण खरं लिहा.