वाचकांचे प्रश्न : आफ्रिकान्स रंगभूमीवरील एका लेखक-निर्मात्याविषयी

प्रश्न : मी देसाईगंज (वडसा) परिसरात राहतो आणि झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भातील, नाटक संचांसाठी नाटके लिहितो. एकदा संहिता निर्मात्याच्या हाती दिली की पुढे तिचे काय होते यावर लेखकाचा ताबा राहत नाही. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स या तिथल्या डचपासून घडलेल्या भाषेतील एका नाटककाराने स्वतःच निर्माता होऊन अनेक वर्षे नाटके केली, असे ऐकले. ते कोण, आणि त्यांना हे कसे जमले?

उत्तर : आपण ज्यांच्याविषयी ऐकले ते बहुधा पीटर-डर्क एइस असावेत. त्यांचा जन्म 1945 मध्ये केपटाऊनला झाला. वडील आफ्रिकानेर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या समाजातले, आणि आई बर्लिनहून आलेली ज्यू पियानोवादक. केपटाऊन विद्यापीठातील शिक्षणानंतर ते लंडनला चित्रपटविद्या शिकायला गेले आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी परत येऊन आफ्रिकान्स व इंग्रजी या दोन्ही भाषांत, पुष्कळदा एकाच नाटकात दोन्ही मिसळून, लिहू लागले.

ते निर्माता का झाले हे समजण्यासाठी त्या काळची व्यवस्था पाहावी लागते. 1963 पासून प्रत्येक प्रांतात एक सरकारी कलामंडळ होते. मोठी नाट्यगृहे, पगारी नट आणि दौऱ्याच्या गाड्या या मंडळांकडे असत, आणि आफ्रिकान्स नाटककाराने नाटक लिहून मंडळाकडे द्यावे, हीच सरळ वाट होती. वर्णभेदी सरकारला न रुचणारे लिहिणाऱ्याला ती वाट बंद होती. अशा लेखकांसाठी केपटाऊनमध्ये 1972 साली ‘द स्पेस’ हे छोटे स्वतंत्र नाट्यगृह सुरू झाले, तर 1976 मध्ये जोहान्सबर्गच्या जुन्या भारतीय फळबाजाराच्या इमारतीत ‘मार्केट थिएटर’ उभे राहिले. एइस यांची सुरुवातीची कारकीर्द मुख्यतः या दोन ठिकाणी घडली.

सत्तरच्या दशकात त्यांच्या ‘सेले ओ स्टोरी’ या आफ्रिकान्स नाटकावर बंदी आली. आपल्याकडे नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते आणि प्रमाणपत्र मिळाले की निदान पुढचा खर्च करताना मनाला थोडा आधार असतो. तिकडे मात्र प्रयोग सुरू झाल्यानंतरही कोणाच्या तक्रारीवरून बंदी येऊ शकत असे, आणि 1974 च्या प्रकाशन कायद्याने सामान्य न्यायालयात अपील करण्याचा मार्गही काढून घेऊन सारे प्रकरण सरकारनेच नेमलेल्या अपील मंडळाकडे वळवले होते. नेपथ्य बांधून झाले आहे, सभागृहाचे भाडे भरले आहे, नटांना आगाऊ रक्कम दिली आहे आणि तेवढ्यात नाटक थांबले, तर निर्माता पुरता बुडतो, हे आपल्यासारख्या संचाशी जोडलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. माझ्या मते त्या काळच्या लेखकांना अटकेइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, या आर्थिक फटक्याची धास्ती वाटत असावी.

एइस यांच्या कामाला यानंतर जे वळण मिळाले ते मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत शहाणपणाचे वाटते. 1981 साली मार्केट थिएटरमध्ये त्यांनी ‘अडॅप्ट ऑर डाय’ हा एकपात्री प्रयोग केला. रंगमंचावर ते एकटेच होते. केसांचे टोप, चष्मे, टोप्या आणि झगे घेऊन ते प्रेक्षकांसमोरच वेश बदलत आणि कधी मंत्र्यांची, कधी पोलिसाची, कधी सुखवस्तू गोऱ्या गृहिणीची नक्कल करत. मोठे नेपथ्य नव्हते, वीस माणसांचा संच नव्हता, त्यामुळे बंदी आली तरी बुडण्यासारखे फारसे काही नव्हते. शिवाय अशी संहिता रोज बदलता येते. सकाळच्या वर्तमानपत्रात आलेले मंत्र्याचे विधान संध्याकाळी रंगमंचावर येऊ शके, आणि मंत्र्याचेच शब्द मंत्र्याच्याच आवाजात म्हटल्यावर बंदी नेमकी कशावर घालायची, हा प्रश्न सरकारपुढे राही.

त्यांचे सर्वांत गाजलेले पात्र म्हणजे एव्हिटा बेझेडेनहाउट. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका इंग्रजी साप्ताहिकातील त्यांच्या सदरात ही बाई प्रथम बोलू लागली. सत्ताधारी वर्तुळात वावरणारी, नटलेली, गोड बोलणारी आणि आपण काही चूक करत आहोत याचा गंधही नसलेली ही आफ्रिकानेर स्त्री रंगमंचावर एइस स्वतः साकारतात. सरकारने कृष्णवर्णीयांना मूळ देशाच्या नागरिकत्वातून वगळण्यासाठी ‘स्वतंत्र’ म्हणून जाहीर केलेले प्रदेश त्या काळी खरोखर अस्तित्वात होते. एइस यांनी त्यांच्या धर्तीवर बापेटिकोस्वेती नावाचा एक काल्पनिक प्रदेश रचला आणि एव्हिटाला तिथली राजदूत केले. पुरुषाने लुगडे नेसून स्त्रीभूमिका करणे आपल्या दंडार या लोकनाट्याला नवे नाही, त्यामुळे यातील गंमत झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागणार नाही. 1994 मध्ये याच एव्हिटाने दूरचित्रवाणीवर नेल्सन मंडेला यांची मुलाखत घेतली, आणि मंडेलांनीही ती खेळीमेळीने दिली.

आता आपल्या मूळ चिंतेकडे येतो. केपटाऊनच्या उत्तरेस गहू आणि दूधदुभत्यावर जगणारे, वसंतातल्या रानफुलांसाठी प्रसिद्ध असलेले डार्लिंग नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या वापरात नसलेल्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत एइस यांनी 1996 साली ‘एव्हिटा से पेरॉन’ हे स्वतःचे नाट्यगृह आणि उपाहारगृह उघडले. बाहेरच्या बागेत वर्णभेदाच्या काळाची टर उडवणाऱ्या मूर्ती मांडल्या. लेखक, नट, निर्माता आणि जागेचा मालक एकच झाल्यावर संहितेत काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवणारा दुसरा कोणी उरला नाही. शहरातून गाडी करून माणसे नाटकाला गावात येऊ लागली. वडशात नाटकाचा व्यवसाय चालतो याचे पुण्या-मुंबईच्या माणसाला जसे नवल वाटते, तसेच डार्लिंगचे केपटाऊनकरांना वाटले असेल.

प्रश्न : आफ्रिकान्स ही जुलमी सत्तेची भाषा होती, असे आम्ही शाळेत शिकवतो. 1976 चा सोवेटोचा उठाव तर त्या भाषेच्या सक्तीविरुद्धच होता. मग त्या भाषेतील नाटककाराचे एवढे कौतुक का करावे? (भंडारा जिल्ह्यातील एक शिक्षिका)

उत्तर : आपण शिकवता ते बरोबरच आहे. 16 जून 1976 रोजी सोवेटोतील विद्यार्थी शाळांतून आफ्रिकान्स माध्यमाच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला. मात्र आफ्रिकान्स ज्यांची मातृभाषा आहे त्यांतील बहुसंख्य लोक गोरे नाहीत, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. मिश्रवर्णीय समाजातील अॅडम स्मॉल यांनी केपटाऊनच्या गरीब वस्त्यांतील बोलीत लिहिलेले ‘कान्ना हे को हेस्टू’ हे 1965 चे नाटक आज त्या भाषेतील श्रेष्ठ नाटकांत गणले जाते. पण नाट्यलेखनासाठी भाषेचा सर्वोच्च मानला जाणारा हर्ट्झॉग पुरस्कार त्यांना 2012 साली, म्हणजे जवळजवळ अर्धशतकाने मिळाला. झाडीबोलीत लिहिणाऱ्यांना या विलंबाची कल्पना करता येईल.

एइस यांची बाजू वेगळी आहे, कारण ते राज्यकर्त्यांच्याच समाजातले आणि त्यांनी आपल्याच माणसांची खिल्ली उडवली. गोऱ्या लेखकाला जे हसत हसत बोलता आले ते कृष्णवर्णीय लेखकाला बोलता आले असते का, हा प्रश्न रास्त आहे, आणि माझे उत्तर ‘बहुधा नाही’ असे आहे. तरीही मिळालेली मोकळीक त्यांनी वाया घालवली नाही. वर्णभेद संपल्यावर त्यांनी नव्या सरकारलाही सोडले नाही. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी एचआयव्हीमुळेच एड्स होतो याविषयी शंका घेत होते, त्या काळात एइस शाळाशाळांतून फिरले आणि मुलांना हसवत त्या रोगाची माहिती देत राहिले. हे प्रयोग ते विनामूल्य करत.

प्रश्न : सरकारी कलामंडळे पुढे राहिली का? आणि एकपात्री न करता, मोठा संच घेऊन कोणी आफ्रिकान्स लेखक निर्माता झाला आहे का? (गोंदियातील एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : 1994 नंतर अनुदानाची पद्धत बदलली आणि ती प्रांतिक मंडळे जुन्या रूपात उरली नाहीत. कायमचा पगार गेल्याने अनेक नट अडचणीत आले. त्यांच्या जागी महोत्सवांचा हंगाम आला. आउट्सहोर्न या शहामृगपालनासाठी प्रसिद्ध गावी 1995 पासून क्लेन कारू राष्ट्रीय कला महोत्सव भरू लागला आणि त्यामागोमाग इतर गावांचेही महोत्सव सुरू झाले. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलगाड्यांच्या शर्यतीच्या) निमित्ताने आपल्याकडे गावोगावी नाटके लागतात, तसा हा प्रकार आहे. फरक एवढाच की आपल्याकडे गावचे मंडळ संच ठरवून तिकिटांतून खर्च काढते, तर तिकडे महोत्सवाला प्रायोजक कंपन्यांचा मोठा आधार असतो.

मोठ्या संचाच्या बाबतीत डेऑन ऑपरमन यांचे नाव घ्यावे लागेल. 1962 साली जन्मलेल्या या लेखकाचे ‘डोंकरलँड’ 1996 मध्ये रंगमंचावर आले. एका शेतावरील आफ्रिकानेर घराण्याची 1838 ते 1996 अशी कथा त्यात आहे, आणि 2013 मध्ये त्यावर दूरचित्रवाणी मालिकाही झाली. पुढे ते भव्य संगीत नाटकांकडे वळले. 2008 मधील ‘ओन्स फिर यो’ हे त्यांतले गाजलेले. एवढा खर्च वसूल करायचा तर मोठे नाट्यगृह भरावेच लागते, आणि ते भरण्यासाठी प्रेक्षकाच्या अभिमानाला साद घालावी लागते. त्यामुळे त्यांची ही नाटके एइस यांच्या प्रयोगांइतकी बोचत नाहीत, असे मला वाटते. ‘डोंकरलँड’ मात्र याला अपवाद आहे, कारण जमीन कोणाची, हा प्रश्न त्यात पिढ्यान्‌पिढ्या अनुत्तरित राहतो. आपल्या महाविद्यालयाच्या नाट्यगटाला एखाद्या शेतकरी घराण्यावर लिहायचे असेल, तर आरंभ त्याच्या वाचनापासून करावा.