लातूरला बदली झालीय. ट्यूशन सोडून तिथे काय आहे?

तुमचा प्रश्न असा : बँकेतली बदली होऊन जूनमध्ये पुण्याहून लातूरला येताय, सोबत पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी आहे, आणि ज्याला विचारावं तो एकच सांगतो की लातुरात ट्यूशन आणि पाणीटंचाई, बाकी काही नाही. मग संध्याकाळी करायचं काय, खायचं कुठे आणि माणसांत मिसळायचं कसं?

मी इथलाच. शाळा, कॉलेज, आता धंदा, सगळं लातुरातच. तुम्हाला जे सांगितलं गेलंय त्यात तथ्य आहे, पण त्यावरून शहराचा अंदाज बांधू नका. पुण्यात शुक्रवारी मोबाईल उघडायचा, काय चाललंय ते बघायचं आणि तिकीट काढायचं, अशी सवय असते. तशा पद्धतीने लातुरात शोधलंत तर पीव्हीआर चौकातला सिनेमा आणि चार फॅमिली रेस्टॉरंटं, एवढंच हाती लागेल. इथली करमणूक पंचांगाप्रमाणे चालते आणि बरीचशी बोलावण्यावर चालते. बोलावणं यायला ओळख लागते, आणि ओळख व्हायला इथे फार वेळ लागत नाही.

आधी खाण्याचं सांगतो, कारण पहिल्या आठवड्यात तेच लागेल.

सकाळी नाश्त्याला पोहे, उपमा, इडली-वडा सगळीकडे मिळतं. कर्नाटक जवळ असल्याने इडली-डोसा इथे चांगला मिळतो. पण तुम्ही सुशीला खा. चुरमुरे पाण्यात घालायचे आणि लगेच हाताने पिळून काढायचे, जरा उशीर झाला की लगदा होतो. मग मोहरी, जिरं, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा, शेंगदाणे आणि हळदीच्या फोडणीत ते परतायचे. वरून फुटाण्याच्या डाळीचं कूट भुरभुरायचं, म्हणजे राहिलेलं पाणी ते ओढून घेतं आणि दाणा दाणा सुटा होतो. कोथिंबीर, लिंबू. घरी दहा मिनिटांत होतं आणि मुलांना हमखास आवडतं. हॉटेलात सगळीकडे मिळेलच असं नाही. शेजारणीला विचारलंत तर ती करून दाखवेल, आणि ओळखीची सुरुवात तिथूनच होईल.

दुसरा निलंगा राईस. निलंगा हे आपल्याच जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथल्या गाड्यांवरचा हा मसालेदार शाकाहारी भात लातूरभर पसरला आणि इथून शिकायला, नोकरीला गेलेल्या पोरांबरोबर पुण्यातही पोचला. कदाचित तुम्ही तिथे खाल्लाही असेल. इथे तो गाड्यावर मोठ्या पातेल्यातून गरम गरम वाढून घ्यायचा आणि उभ्यानेच खायचा. मुलीसाठी घेताना तिखट आधी विचारून घ्या. आमच्याकडचं ‘मध्यम’ पुण्याच्या हिशेबात तिखटच असतं.

मांसाहारी असाल तर खानावळीतलं मटण आणि ज्वारीची भाकरी. येसराची आमटी मिळाली तर सोडू नका. ज्वारी, गहू, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ म्हणजे येसर. त्याने आमटीला जो दाटपणा आणि खमंग वास येतो तो खोबऱ्याच्या वाटणाने येत नाही. लग्नकार्यात ही आमटी हमखास असते आणि माझ्या मते तिथलीच सगळ्यात चांगली लागते. शाकाहारी असाल तर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही एवढ्यावर दुपार निघते. भाजी आणायला जाल तेव्हा कास्तीची कोथिंबीर, बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच मागून बघा. तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तिन्ही याच जिल्ह्यातली आहेत. बोरसुरीच्या डाळीचं साधं वरण एकदा खाल्लं की फरक सांगावा लागत नाही.

ट्यूशन एरियाला नावं ठेवणारे बरेच आहेत, मी त्यांच्यात नाही. बाहेरगावची हजारो पोरं दहावी-बारावी आणि ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी इथे राहतात. त्यांच्यामुळेच या शहरात उशिरापर्यंत चहा, पोहे, अंडाभुर्जी, डोसा कमी पैशात मिळतो. मेसच्या डब्यांवर इथल्या कितीतरी घरांचा संसार चालतो. रात्री क्लास सुटल्यावर त्या रस्त्यावर एकदा चक्कर मारा. पाठीवर दप्तर आणि हातात चहाचा ग्लास घेऊन एका गणितावरून भांडणारी पोरं दिसतील. मला तो देखावा फार आवडतो. घर मात्र त्या भागात बघू नका. जूनमध्ये तिथे भाडी चढलेली असतात आणि गर्दीही तशीच असते.

गंजगोलाई तर बघालच. 1917 साली फय्याजुद्दीन या नगररचनाकाराने आखलेली गोल दुमजली इमारत, मध्ये अंबाबाईचं मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे 16 रस्ते. प्रत्येक रस्त्याचा बाजार वेगळा : सोनं, चपला, मिरची, गूळ. मुलीला घेऊन जा. एका रस्त्याने आत शिरा, गोल फिरा आणि दुसऱ्याने बाहेर पडा. सणाच्या तोंडावर मात्र गाडी लांब लावून चालत जा.

आता वर्षाचं वेळापत्रक. महाशिवरात्रीला ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा भरते आणि ती एका दिवसात आटोपत नाही. पाळणे, खेळणी, खाऊची दुकानं, जनावरांचं प्रदर्शन आणि कुस्त्या. कुस्त्या नक्की बघा, पत्नी आणि मुलीलाही न्या. लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात कुस्तीचे दर्दी फार. कोणाचा डाव कसा फसला हे शेजारी बसलेले आजोबा न विचारता समजावून सांगतील. सूरतशहावली दर्ग्याच्या उरुसालाही सगळ्या समाजांची माणसं जातात. गणपतीत आजोबा गणपतीच्या दर्शनाला रांग असते. नवरात्रात तुळजापूरकडे चालत निघालेल्या भाविकांना रस्त्याकडेला चहा-फराळ वाटणारी मंडळं दिसतील. एखाद्या मंडळात जाऊन दोन तास चहाचे कप भरून दिलेत तरी दहा घरांशी ओळख होते. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं. पुण्याकडच्या माणसांना याची फारशी कल्पना नसते. आमच्याकडे ज्यांच्या घरातले आजोबा-पणजोबा निजामाच्या राज्यात रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, काळातून गेले त्यांच्यासाठी तो दिवस मोठा आहे. मुलीला जरूर न्या.

नाटकाची आवड असेल तर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी चुकवू नका. हौशी संघ, रोज वेगळं नाटक, तिकीट अगदी नाममात्र. सगळी नाटकं चांगली असतात असं म्हणणार नाही. पण एखाद्या संध्याकाळी दिवसभर शाळेत शिकवून आलेला मास्तर रंगमंचावर उभा राहतो आणि सभागृह गप्प होतं. व्यावसायिक नाटक इकडे यायला खर्चिक पडतं, त्यामुळे ते अधूनमधूनच येतं. म्हणून हौशी नाटकावर इथल्या माणसांचा जीव आहे. वाचनाचं म्हणाल तर 2022 च्या एप्रिलमध्ये उदगीरला 95वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, आणि त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही झालं. लोक एका मांडवातून उठून दुसऱ्यात जाऊन बसत होते. नोव्हेंबरअखेर अंबाजोगाईला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह असतो. गाडीने दीड तासाच्या आत पोचता. कविसंमेलन आणि गाणं दोन्ही ऐकायला मिळतं, आणि योगेश्वरीचं दर्शनही होतं.

पण या सगळ्याहून मोठा आमचा दिवस म्हणजे वेळा अमावस्या. आम्ही येळवस म्हणतो. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास. लातूर, धाराशिव आणि आसपासच्या सीमाभागातच ती अशी साजरी होते. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. त्या दिवशी शहर ओस पडतं, संचारबंदी लागल्यासारखं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, कारण सगळे शेतावर. ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतावर, भाडेकरू घरमालकाच्या शेतावर, साहेब शिपायाच्या शेतावर.

आदल्या रात्री घराघरात बायका जागतात. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे, वालाचे, पावट्याचे दाणे, भुईमूग, मेथी, पालक, चुका, मिरची-लसूण हे सगळं बेसनात शिजवून भज्जी होते. ही तळायची भजी नव्हेत, घट्टसर भाजी असते, आणि रात्रभर मुरली की सकाळी तिची चव वेगळीच लागते. सोबत बाजरीचे उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), ज्वारीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी. आणि आंबील : ताकात ज्वारीचं पीठ घालून मडक्यात आंबवलेली, जिरं-लसूण लावलेली. एका बैठकीत चार तांबे जाते. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, बांधतात, आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावतात. ते पाच पांडव. त्यांची पूजा झाली की ‘ओलगे ओलगे, सालम पलगे’ अशी आरोळी देत पिकात आंबील शिंपडत फिरायचं. गावोगावी शब्द थोडे बदलतात. मग पंगत. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस दिसला तरी त्याला हाक मारून बसवतात, आणि नाही म्हटलेलं कोणी ऐकून घेत नाही. जेवणं झाली की पोरं झोके घेतात, पतंग उडवतात आणि मोठी माणसं झाडाखाली आडवी होतात.

तुमच्या मुलीला लातूर आवडेल की नाही ते बहुतेक त्याच दिवशी ठरेल. म्हणून एक करा. दिवाळीनंतर बँकेतल्या सहकाऱ्यांशी बोलता बोलता ‘आम्ही अजून येळवस पाहिली नाही’ एवढं वाक्य टाका. संध्याकाळपर्यंत तीन-चार ठिकाणची बोलावणी येतील. ज्याने आधी बोलावलं त्याच्याकडे जा, नाहीतर तो मनाला लावून घेईल. न्यायला काही लागत नाही. फार तर मुलांसाठी खाऊ न्या. आणि वाढतील तेवढं खा.

आता पाण्याचं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा सगळ्या देशाने लातूर पाहिलं. ते दिवस आम्ही काढलेत, म्हणून मी हा प्रश्न हसण्यावारी नेणार नाही. शहराला पाणी मांजरा धरणातून येतं. पाऊस बरा झाला तर वर्ष निघतं, तरी नळाला रोज पाणी येईल असं धरून चालू नका. घर बघताना खोल्यांआधी टाकी किती लिटरची आहे, बोअर आहे का आणि उन्हाळ्यात ते आटतं का, हे विचारा. मालकाला विचारून भागत नाही, आधीच्या भाडेकरूला किंवा शेजाऱ्याला विचारा. औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड या तिन्ही बाजूंना कुटुंबाला राहायला बऱ्या वसाहती आहेत. बँक कुठल्या भागात आहे ते कळवलंत तर नेमकं सांगता येईल.

रोजच्या संध्याकाळसाठी नाना-नानी पार्क आहे, सकाळी चालायला क्रीडा संकुल. रविवारी दिवसभर बाहेर पडायचं असेल तर खरोसा लेणी, औशाचा किल्ला, उदगीरचा किल्ला. पावसाळ्यात आलात तर पहिलं खरोसा करा, डोंगर हिरवा असतो. आणि आल्या आल्या एखादं मराठी दैनिक लावा. पुरवणीतलं लातूरचं पान वाचत गेलात की व्याख्यान, कीर्तन, नाटक, पुस्तक प्रदर्शन सगळं कळत जातं. यातलं बरंचसं मोबाईलवर येतच नाही.