फौजी भावाला शेताची ओढ लागलीय

प्रश्न : माझा धाकटा भाऊ आर्मीत आहे, 21 वर्षांचा. टायफॉइड झाला म्हणून महिनाभर मिलिटरी हॉस्पिटलात आहे. ताप गेला, पण जेवत नाही, फोन केला की हळद काढली का, कधी शिजवायला घेणार, म्हैस व्याली का एवढंच विचारतो आणि मग गप्प होतो. आई म्हणते शेताचा विषयच काढू नका. काय करू? (एक बहीण, वाई तालुका)

उत्तर : ताई, आईंचं काळीज कळतं, पण विषय बंद करू नका. ही ओढ म्हणजे काही बायकी रडारड नाही हो, 1688 साली योहानेस होफर नावाच्या स्विस डॉक्टरने तिला आजार म्हणूनच 'नोस्टॅल्जिया' हे नाव दिलं, घरी परतणं आणि वेदना या दोन ग्रीक शब्दांवरून. त्याने लिहिलेला बर्नचा एक विद्यार्थी बासेलमध्ये पार मरायला टेकलेला, आणि घरी न्यायला निघाले तर वाटेतच सुधारायला लागला! अमेरिकेच्या यादवी युद्धातसुद्धा उत्तरेच्या फौजेतल्या डॉक्टरांनी असे पाच हजारांवर पेशंट नोंदवलेत.

तेव्हा त्याला व्हिडिओ कॉलवर हळद शिजवायच्या काहिलीची वाफ दाखवा, वाळत घातलेली हळद दाखवा आणि हळद आता विकायची की भावासाठी थांबायचं हे त्यालाच ठरवू द्या, नुसती खुशाली सांगून पोरगं अजून लांब पडतं. मात्र जेवण तुटलंय हे वॉर्डातल्या डॉक्टरांना त्याने स्वतः सांगायला हवं, टायफॉइडनंतर अशक्तपणाही असतो, आणि सिक लीव्हचंही तिथेच विचारायचं.

आणि म्हैस व्याली का ते आम्हालाही कळवा.