‘कठोर चौकशी’ की ‘छळ’?

एका वाचकाने विचारले आहे: अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेच्या कैद्यांबद्दल मराठीत लिहिताना तिच्या ‘एन्हान्स्ड इंटरॉगेशन’ या शब्दाला ‘कठोर चौकशी’ म्हणावे का? ‘छळ’ म्हटले की सासरचा छळ डोळ्यांसमोर येतो आणि शब्द हलका वाटतो. शिवाय ‘अकाउंटेबिलिटी’साठी ‘जबाबदारी’ बरा की ‘उत्तरदायित्व’?

सीआयएच्या तोंडचे वाक्य देत असाल तर त्यांचा शब्द अवतरणचिन्हांत जसाच्या तसा ठेवा. तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र ‘छळ’च लिहा. कठोर चौकशी म्हटले की आपल्या मनात आडवेतिडवे प्रश्न, तासन्‌तास बसवून ठेवणे, फार तर दमदाटी एवढेच येते. सीआयएच्या कैदेतल्या अबू झुबायदाला २००२च्या ऑगस्टमध्ये ८३ वेळा वॉटरबोर्डिंग केले गेले. म्हणजे फळीवर आडवे बांधायचे, नाकातोंडावर फडके टाकायचे आणि त्यावर पाणी ओतत राहायचे. एकदा तो पूर्ण निपचित पडला आणि पाण्याने भरलेल्या उघड्या तोंडातून बुडबुडे येत होते, अशी नोंद अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीच्या २०१४च्या अहवालात आहे. शवपेटीएवढ्या खोक्यात त्याला एकूण २६६ तास कोंडले होते. याला चौकशी म्हणणे म्हणजे वाचकाशी खोटे बोलणे आहे.

‘छळ’ हा शब्द हलका नाही. सासरच्या छळातही बायका जिवानिशी जातातच की. संदर्भ स्पष्ट हवा असेल तर ‘कोठडीतला छळ’ म्हणा. ‘यातना’ चालेल, पण तो सोसणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. यातना दुखण्यानेही होतात. छळ मात्र कोणीतरी करावा लागतो. म्हणून ‘कैद्यांचा छळ झाला’ असे लिहून थांबू नका, कोणी केला तेही लिहा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांनी पत्रकारांसमोर म्हटले होते की आपण काही लोकांचा छळ केला. कर्त्यासकट. त्यानंतर आठवड्याभरातच ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही बातम्यांमध्ये हा शब्द सरळ वापरायचे जाहीर केले. इतकी वर्षे तो टाळला गेला, याचा मला आजही राग येतो.

आता ‘अकाउंटेबिलिटी’. ‘उत्तरदायित्व’ परिपत्रकात शोभते. ‘जबाबदारी’ नुसती ‘स्वीकारता’ही येते आणि प्रकरण तिथेच मिटते. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे तो ‘जाब’. जाब म्हटला की विचारणारा आला, द्यायला लावला जाणाराही आला. इथे तो कोणालाच द्यावा लागला नाही, ही खरी गोष्ट आहे. गुल रहमान २००२च्या नोव्हेंबरमध्ये अफगाणिस्तानातल्या सीआयएच्या कोठडीत मेला. कमरेखाली उघडा, थंडगार काँक्रीटवर साखळीने बांधलेला. बहुधा गारठूनच गेला. त्याच्या मृत्यूचा तपास अमेरिकी न्याय विभागाने २०१२मध्ये कोणावरही आरोप न ठेवता बंद केला. या पद्धती आखणाऱ्या दोन मानसशास्त्रज्ञांच्या कंपनीला ८ कोटी १० लाख डॉलर मिळाले. रहमानच्या नातेवाइकांनी आणि दोन माजी कैद्यांनी त्या दोघांवर दावा लावला, पण २०१७मध्ये सुनावणी उभी राहण्याआधीच तडजोड झाली. अशा वेळी ‘उत्तरदायित्वाचा अभाव दिसून आला’ असे लिहू नका. ‘कोणी जाब विचारला नाही’ असे लिहा.

राहिले ते छळ शक्य करणारे. छळ कशाला म्हणायचे हे ठरवणाऱ्या १ ऑगस्ट २००२च्या टिपणावर अमेरिकी न्याय विभागातल्या जे बायबी यांची सही आहे. अवयव निकामी होताना किंवा मरताना होते तितकी तीव्र वेदना असेल तरच शारीरिक छळ मानायचा, असे ते टिपण सांगते. पुढच्या वर्षी बायबी अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले. अशांना ‘सूत्रधार’ म्हणू नये, तो अर्थ वेगळा. कायद्याच्या मराठीत ‘अपप्रेरणा’ आहे आणि तीत साहाय्यही येते. पण न्यायालयाने दोषी ठरवलेले नसताना तो शब्द बातमीत घालता येत नाही. ‘छळावर कायद्याचे पांघरूण घालणारे’ असे सरळ लिहावे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८४च्या छळविरोधी कराराच्या पहिल्याच कलमात, सरकारी अधिकाऱ्याच्या संमतीने किंवा मूकसंमतीने झालेला छळही धरला आहे. त्यामुळे सगळे ठाऊक असून गप्प राहिलेल्या अधिकाऱ्यांसाठी ‘मूकसंमती’ वापरा. ‘डोळेझाक’ नको, तो शब्द नजरचुकीच्या फार जवळ जातो.