हायब्रिड धोक्यांचा अभ्यास: पहिल्या सत्रासाठी

आपण हा अभ्यासक्रम निवडलात, हे उत्तम झाले. हायब्रिड धोके म्हणजे उघड युद्ध न पुकारता सायबर हल्ले, खोट्या बातम्या, चिथावलेली अशांतता अशी साधने एकत्र वापरून एखाद्या देशाला खिळखिळे करण्याचे प्रयत्न. सुरुवातीला एवढे पुरे, व्याख्या पाठ करत बसू नका. एकच प्रकरण घेऊन ते तारीखवार मांडा. मी नवख्यांना नेहमी एस्टोनियाचे २००७ चे प्रकरण देतो. टाल्लिनमधील सोव्हिएत सैनिकाचा कांस्यपुतळा शहराच्या मध्यातून लष्करी दफनभूमीत हलवला जात असताना एप्रिलअखेरीस दंगल उसळली, मॉस्कोतील एस्टोनियाच्या वकिलातीबाहेर निदर्शकांनी ठाण मांडले आणि बँका, वृत्तपत्रे व सरकारी संकेतस्थळे सायबर हल्ल्यांनी ठप्प होऊ लागली. या घटना सुट्या पाहिल्या तर त्यांचा परस्परसंबंध ध्यानात येत नाही. कागदावर एकाखाली एक लिहिल्या की वीण दिसू लागते.

मात्र वीण दिसली की विणणाराही सापडला, असे मानणे ही नवख्यांची हमखास चूक (मीही ती केली आहे). १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, त्यावर पुढे राज्य सरकारने सायबर घातपाताची शक्यता वर्तवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. म्हणून वहीत ‘काय घडले’ आणि ‘कोणी घडवले’ असे दोन रकाने आखा. दुसरा महिनोन्‌महिने रिकामा राहिला तरी बिघडत नाही.

आणखी एक. खोटी बातमी खोडून काढण्यासाठी ती वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर जशीच्या तशी टाकू नका. आधी खरी माहिती लिहा, मग दाव्याचा ओझरता उल्लेख करा. आंतरराष्ट्रीय कायदा आणि सायबर तंत्राचे बारकावे दुसऱ्या सत्रात पाहता येतील.