३८१६५४७२९० एकटीच कशी?

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवर ही संख्या आलीये, ३८१६५४७२९०. यात ० ते ९ सगळे अंक एकेकदाच आहेत, पहिल्या २ अंकांच्या संख्येला २ ने भाग जातो, पहिल्या ३ अंकांच्या संख्येला ३ ने, असं करत करत पूर्ण संख्येला १० ने. खाली लिहिलंय की अशी दुसरी संख्याच नाही. कंप्युटरशिवाय हे कसं पटवून घ्यायचं? – एक वाचक, सातारा

उत्तर: मेसेज खरा आहे, आणि कंप्युटर अजिबात लागत नाही, शाळेतल्या विभाज्यतेच्या कसोट्या पुरतात. ० ते ९ एकेकदा वापरून दहा अंकी संख्या होतात तब्बल ३२,६५,९२०, पण त्या किती भराभर गळतात बघा. शेवटचा अंक ० च हवा, मग पाचवा आपोआप ५. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी सम अंकच लागतात म्हणजे उरलेल्या जागी विषम. आता ४ ची कसोटी: तिसरा अंक विषम आहे त्यामुळे चौथा फक्त २ किंवा ६ असू शकतो. ६ साठी चौथा, पाचवा, सहावा यांची बेरीज ३ च्या पटीत हवी (पहिल्या तिघांची आधीच आहे ना), म्हणून मधले तीन अंक एकतर २५८ नाहीतर ६५४, तिसरा पर्यायच नाही! मला यातली ही पायरी सगळ्यात आवडते, इथून पुढे सगळं पटापट सुटतं.

८ साठी सातवा-आठवा मिळून १६, ३२, ७२ किंवा ९६ यातलंच काहीतरी हवं. मधे २५८ असेल तर आठवा ६ आणि दुसरा ४, मधे ६५४ असेल तर आठवा २ आणि दुसरा ८. पहिल्या तीन अंकांना ३ ची कसोटी लावली की बत्तीस लाखांतून उरतात फक्त १०. ९ ची कसोटी करायचीच नाही, कारण १ ते ९ ची बेरीज ४५, ती पास असतेच.

राहिला ७. त्याला सोपी कसोटी नाही म्हणून तो शेवटी ठेवला, सरळ भागाकार करा. ९८७६५४३ ला बाकी ५ उरते, १८३६५४७ ला ६, १४७२५८९ ला पण ६, असं दहाही करून बघा, बाकी शून्य फक्त ३८१६५४७ लाच येते, भागाकार ५४५२२१.

अंक परत वापरायची परवानगी दिली तर अशा संख्या खूप निघतात. १० व्या अंकापर्यंत पुढे जोडायला एक तरी अंक नक्की मिळतो कारण लागोपाठच्या १० संख्यांत ७ काय किंवा ९ काय, त्याची एक पट असतेच, पण ११ पासून ही गॅरंटी जाते. तरी एक संख्या २५ अंकांपर्यंत टिकते: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. तिला २६ वा अंक कुठलाही जोडा, २६ ने भाग जात नाही.