ज्वालामुखी गर्तेच्या काठावर का नसतात?

प्रश्न : ज्वालामुखी बेटांची रांग सागरी गर्तेला (समुद्रतळावरच्या लांबट, खोल खाईला) समांतर असते, मग ती गर्तेच्या अगदी काठावर का नसते?

गर्तेपाशी एक भूपट्ट (पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा प्रचंड तुकडा) दुसऱ्याखाली वाकून शिरतो, पण तिथे तो थंडच असतो. त्याच्या खनिजांत पाणी बांधलेले असते. सुमारे १०० किमी खोलीवर ते सुटते, वरच्या प्रावरणात (कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात) शिरते आणि त्याचा वितळणबिंदू खाली आणते. शिलारस तयार होतो तो मुख्यतः तिथे. बुडणारा पट्टच वितळतो, हा समज बहुतेक ठिकाणी चुकीचा आहे. पट्ट तिरका उतरत असल्याने तेवढी खोली गाठेपर्यंत बराच पुढेही सरकतो. म्हणून रांग गर्तेपासून साधारण १०० ते ३०० किमी दूर पडते. उतार उभा असेल तर जवळ.

प्रश्न : मारियाना गर्ता जवळजवळ ११ किमी खोल आहे, अंदमानजवळची मात्र बरीच उथळ. असे का?

मारियानापाशी बुडणारा पॅसिफिक पट्ट १५ कोटी वर्षांहून जुना आहे, म्हणजेच थंड आणि जड. शिवाय तिथे मोठ्या नद्यांचा गाळ पोचत नाही. अंदमानकडे उलट स्थिती : गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने गर्ता भरत आली आहे. जावाच्या दक्षिणेला हा गाळ कमी, तिथे तीच गर्ता ७,२०० मीटरपर्यंत उतरते. बुडताना खरवडला गेलेला गाळ आणि सागरतळाचे तुकडे रचून अंदमानची मुख्य बेटे झाली. ती ज्वालामुखीची नव्हेत. ज्वालामुखी पूर्वेला आहेत : जागृत बॅरन आणि निद्रिस्त नारकोंडम.

प्रश्न : २००४च्या भूकंपात इंदिरा पॉइंट (ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक) खचला आणि उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर आला. दोन्ही एकदम कसे?

वरच्या पट्टाची कड खालच्यात अडकून शेकडो वर्षे दबत जाते. सुटली की गर्तेकडची बाजू उसळते आणि तिच्या मागचा ताणलेला भाग बसतो. इंदिरा पॉइंट या मागच्या भागात होता, तो ४ मीटरहून अधिक खचला. उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा उसळत्या बाजूला होता. तिथली प्रवाळे पाण्याबाहेर येऊन मेली.

प्रश्न : लक्षद्वीपही अशाच गर्तेमुळे झाले का?

नाही, तिथे गर्ताच नाही. पट्ट प्रावरणातल्या तप्तस्थानावरून (जिथे खोलवरून तप्त खडक वर येत राहतो अशा जागेवरून) सरकला की मागे बेटांची माळ उरते, हवाईसारखी. ओळखायची खूण म्हणजे बेटांचे वय माळेच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे वाढत जाते. गर्तेशेजारच्या रांगेत मात्र अनेक ज्वालामुखी एकाच काळात जागे असतात. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो ज्या तप्तस्थानातून आला, त्याची वाट पुढे लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी गेली, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, आणि आज ते मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटाखाली धगधगते आहे. लक्षद्वीपला काळा कातळ दिसत नाही, कारण ज्वालामुखी केव्हाच खचला आणि वर प्रवाळ चढले.